दुसऱ्याची भिंत

टिपणीसकाकांच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. पनवेलातल्या त्या दोन खोल्यांत ते बावीस वर्षं भाड्यानं राहिले. पण कॅलेंडर तांदळाच्या डब्याला टेकलेलं, आरसा खिडकीच्या गजाला बांधलेला, सदरा खुर्चीच्या पाठीवर.

"भिंत धर्माशेठची," ते म्हणत. "तिला भोक पाडणारे आपण कोण?"

आम्ही शेजारच्या खोलीत राहायचो. काका दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून. दिवसभर लोकांच्या खरेदीखतांच्या नकला करायच्या आणि संध्याकाळी ओट्यावर बसून घर घेणाऱ्यांची कीव करायची, हा त्यांचा क्रम. कौल फुटलं की आनंदानं ओरडायचे, "धर्माशेठ, तुमचं छप्पर गळतंय हो!" आणि स्वतःच त्याखाली पातेलं धरून बसायचे.

धर्माशेठ जासईचे, मिठागरवाले. त्यांनी दोनदा या खोल्या काकांना देऊ केल्या. "टिपणीसभाऊ, तुमीच घ्या ना. पैसं जमतील तसं द्या. आमाला घाई नाय."

"वा शेठ! म्हणजे गळकं छप्पर माझ्या नावावर?"

यामागे काकांचं एक गणित होतं. त्यांच्या घराण्यात पुरुष साठीच्या पुढे जात नाहीत, अशी त्यांची पक्की खात्री. उरलेल्या वर्षांचं भाडं घराच्या किमतीपेक्षा कमी भरत होतं. म्हणून भाडंच बरं. कॉलेजात गेलेला मी आमच्या घरातला पहिलाच, त्यातून अर्थशास्त्र घेतलेलं. एकदा त्यांनी कागद माझ्यापुढे धरला.

"अर्थशास्त्री, तपासा."

मी भीत भीत तपासला. बेरीज-गुणाकार कुठंच चुकला नव्हता. "बरोबर आहे," मी म्हणालो.

यमुनाकाकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "माझं वय धरलंय का त्यात?"

काका हसले. मीही हसलो. ते हसणं आठवलं की मला आज लाज वाटते.

काकू पुढच्याच वर्षी तापानं गेल्या. काकांनी साठी ओलांडली, धडधाकट. "गणित सपशेल चुकलं रे," ते म्हणायचे. "मीच उरलो."

मग एक दिवस धर्माशेठ आले. घरात न येता पायरीशीच उभे राहिले. "भाऊ, पोराचं लगीन हाय. खोल्या लागतील. कसं बोलू, समजत नाय."

माझे वडील काकांना म्हणाले, "कोर्टात जा. जुन्या भाडेकरूला असा कोण काढतो?" काका म्हणाले, "भिंत त्याची आहे." आणि सामान बांधायला लागले.

मदतीला मी होतो. लाकडी कपाट ओढलं, तर मागच्या भिंतीत एक खिळा. बराच खाली, माझ्या छातीच्याही खाली. काकू ठेंगण्या होत्या. खिळ्याला दारावर लावायची एक छोटी पाटी टांगलेली. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं: ग. म. टिपणीस. काकूंनी ती कधी रंगवून घेतली, एकटीनं ते कपाट कसं सरकवलं, कोण जाणे.

काकांनी पाटी उतरवून घेतली. "खिळा वाकडा गेलाय," एवढंच म्हणाले. मग तो उपटून त्यांनी खिशात टाकला, मला चुना आणायला पाठवलं आणि भोक स्वतःच्या बोटानं बुजवलं.

नवी खोली मिळाली ती अंधारी, दुप्पट भाड्याची आणि वर्षाच्याच बोलीवर. रविवारी मी गेलो, तर काका हातोडी घेऊन दाराशी उभे. मालकाची परवानगी काढून आले होते. मी खिळा भिंतीवर धरला.

"खाली घे."

मी थोडा खाली घेतला.

"अजून खाली."

"काका, इथं पाटी कुणाला दिसणार?"

"तिचा हात तेवढाच पोचायचा," ते म्हणाले आणि त्यांनी घाव घातला. खिळा याही वेळी वाकडाच गेला. त्यांनी तो तसाच राहू दिला.