बनुबाईच्या मुठीतलं मीठ

जयराजनं सोमवारी सकाळी शेडच्या भिंतीला एक कागद डकवला आणि बनुबाईची बावीस वर्षांची जागा गेली.

शेड सांगलीत, तासगाव रस्त्याला. मिरची कांडायचे दोन डंक, पाच बाया, आणि कांदा-लसूण चटणीचा खमंग ठसका. मालकीण आक्काताई. जयराज त्यांचा लेक, पुण्याच्या कंपनीत दोन वर्षं खुर्ची झिजवून आलेला. माणसापेक्षा कागद शहाणा, एवढं शिकून आला होता बापडा.

आजवर चटणीची शेवटची चव बनुबाई बघायची. तळहातावर चिमूट घ्यायची, डोळे मिटायची, जिभेला लावायची. मग मूठभर मीठ, परत चव. ती "व्हय" म्हणेपर्यंत डंक बंद, गप्पा बंद, खुद्द आक्काताई श्वास धरून उभ्या.

"मावशी, आता चव-बिव काही न्हाई," जयराज म्हणाला. "सगळं मापात बसवलंय. तुमी नुसती पाकिटं चिकटवा. बाकीच्यांनी कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं."

"बरं, धाकलं मालक," बनुबाई म्हणाली.

एवढं गोड "बरं" ऐकून आक्काताईंच्या पोटात गोळा यायला हवा होता. पण लेक शिकून आला की आईच्या पोटाला काही कळत नाही.

मंगळवारी खोबरं करपलं.

"अगं, धूर निघतोय, उतरव की!" आक्काताई ओरडल्या.

"सा मिनिटं लिवल्यात, आक्का. अजून एक हाय," भाजणारी कागदाकडं बोट दाखवून म्हणाली.

बुधवारी नळाचं पाणी मिरचीच्या पोत्याकडं निघालं. एरवी हातातलं टाकून पाचही जणी धावल्या असत्या. आता पाचही जणी पाण्याकडं बघत राहिल्या. नळ कुणाच्याच रकान्यात नव्हता. जयराजनं एकट्यानं पोतं ओढलं आणि कंबर धरून बसला.

"बाया आळशी झाल्यात," आक्काताईंनी निकाल दिला. परवापर्यंत याच बाया जेवणाची सुट्टी विसरत होत्या, ते त्या सोयीनं विसरल्या.

गुरुवारी फलटणच्या दुकानदाराचा माल जायचा होता. दोनशे किलो, चारशे पाकिटं. नाथाजी टेम्पो घेऊन आला, भाकरीचं फडकं सोडलं आणि परातीतली चटणी लावून घास घेतला.

"आवं आक्का, ह्यात मीठच न्हाई की!"

जयराज कागदाकडं धावला. मिरची होती, धने होते, लवंगासुद्धा मोजलेल्या. मीठ नव्हतं. ते आक्काताईंच्या जुन्या वहीतही नव्हतं, कारण ते कायम बनुबाईच्या मुठीत होतं.

"मावशी, तुमाला कळलं न्हाई?"

"चव बघू नगा म्हनला हुता."

"मग सांगायचं तरी!"

"पाकिटं चिकटवा म्हनला हुता. बघा, एक तरी वाकडं लागलंय का?"

नाथाजी घड्याळ बघू लागला. "दुकानदार लय खडूस हाय, आक्का. ह्यो माल उतरला तर परत दारात उभा करायचा न्हाई."

जयराज बनुबाईकडं वळला. "किती टाकायचं, मावशी? ग्रॅममध्ये सांगा."

"ग्रॅम मला काय म्हाईत? मिरची जशी यील तसं." बनुबाई जागची हलली नाही. "कागदावर लिवा आदी."

जयराजनं पेन काढलं, सगळ्यात खाली एक ओळ लिहिली.

"काय लिवलं? मला वाचाया येत न्हाई."

"मीठ, बनुबाईंना विचारून," तो पुटपुटला.

"जरा मोठ्यानं. डंकाच्या आवाजात मागल्या बायांना ऐकू जाईना."

डंक तर केव्हाचा बंद होता. जयराज कान लाल करून ओरडला. तसं कुणी न सांगता चौघी उठल्या. एकीनं पाकिटं फोडली, एकीनं ताडपत्री अंथरली, एकीनं मिठाचं पोतं ओढलं. चौथीनं आधी तो गळका नळ आवळला.

बनुबाईनं मुठी भरल्या, चौघींकडून कालवून घेतलं, चिमूट जिभेला लावली. डोळे मिटले. जयराजनं श्वास धरला.

"व्हय."

नाथाजीनं हॉर्न वाजवला. बनुबाईनं रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा उचलला आणि जयराजच्या हातात ठेवला.

"जयराज, बाळा, मी चवीला हाय. मग चिकटवायला कोन रं?"

तो खाली बसून चिकटवायला लागला. पहिलंच वाकडं लागलं.