आरोपी क्रमांक सात

कादिर बिजलेच्या पोलिस दाखल्यावर ‘एक गुन्हा प्रलंबित’ असा शेरा आला, तेव्हा बायको सुरैयाच्या हातातलं लाटणं थांबलं, मुलगी तस्नीमनं मोबाइलमधून डोकं वर काढलं, आणि कादिर स्वतः, खरं सांगायचं तर, सुखावला.

“सव्वीस वर्षं झाली, पण सरकार विसरलं नाय,” तो म्हणाला.

“त्यात खूश व्हायला काय झालं?” सुरैया म्हणाली. “दाखला कोरा पायजे. कंपनीनं मेअखेरची मुदत दिलीय.”

मुदतीचं खरं होतं. सौदीतल्या यान्बूच्या बंदरात कादिर सतरा वर्षं फोरमन होता आणि आता त्याला सुपरवायझर करायचं ठरलं होतं. सुपरवायझरच्या बायकामुलांचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, कंपनी सांभाळते, फोरमनच्या बायकामुलांचा या वर्षापासून बंद. म्हणजे दाखला कोरा आला तर तिघं यान्बूत. नाही आला तर शाळेला सुट्टी लागली की सुरैया आणि तस्नीम सामान बांधून गावी, खारवळला. इतका साधा सरळ मामला होता. पण कादिरला त्या गुन्ह्याचा अभिमान होता, आणि अभिमान असलेला माणूस लवकर ऐकत नाही.

गुन्हा असा होता. एकोणीसशे नव्याण्णव साली तालुक्याच्या एसटी डेपोनं खारवळची मुक्कामाची गाडी बंद करायचं ठरवलं. ही गाडी संध्याकाळी गावात येऊन थांबायची आणि सकाळी सहाला पोरांना घेऊन तालुक्याच्या हायस्कुलात जायची. शेवटच्या संध्याकाळी गावातल्या तरुणांनी गाडी अडवली, कुणीतरी टायरांची हवा काढली, आणि गाडीला नाइलाजानं मुक्काम करावा लागला. पोलिसांनी अकरा जणांना उचललं. पुढे डेपो नमला आणि गाडी आजतागायत चालू आहे. गावच्या जमातखान्यात अकरा वीरांची संगमरवरी पाटी आहे. कुणीतरी आरोपपत्र समोर ठेवूनच नावं कोरून घेतली असावीत, कारण आरोपी क्रमांक सात आणि वीर क्रमांक सात एकच: कादिर इब्राहिम बिजले.

त्यातही कादिरची कीर्ती वेगळी. हवा कुणी काढली, असं पोलिसांनी त्याला रात्रभर विचारलं, पण पठ्ठ्यानं तोंड उघडलं नाही. गाल भोपळ्यासारखा सुजेपर्यंत मार खाल्ला, पण उघडलं नाही. या एका गोष्टीवर सुरैयाच्या अब्बांनी त्याला मुलगी दिली होती. बाकीच्या दहा जणांवरचे खटले सरकारनं पुढे मागे घेतले. कादिर तोवर सौदीला निघून आलेला, त्यामुळे त्याचा कागद तेवढा ठाण्याच्या जुन्या वहीत पडून राहिला. अलीकडे वह्या संगणकावर चढल्या आणि कादिरही चढला.

तालुक्यात ॲडव्होकेट पद्मिनी खरे म्हणून एक वकील होत्या, त्यांच्याकडे काम दिलं. पुढचं सगळं त्यांनीच केलं असतं. पण मध्ये सिराजुद्दीन मामू आले.

मामूंचं यान्बूत किराण्याचं दुकान होतं आणि ते खारवळ जमातीच्या यान्बू शाखेचे अध्यक्ष होते. शाखेत नऊ माणसं. गाडी अडवली तेव्हा मामू इथेच दुकानात बसलेले होते, तरी त्यांना त्या संध्याकाळचं कादिरपेक्षा जास्त आठवायचं.

“वकील एकटी काय करणार?” मामू म्हणाले. “पोरगा कसा हाय, ते गावानं सांगायला पायजे. चारित्र्याचा दाखला आपण देऊ.”

दोन दिवसांत दाखला तयार झाला. खाली गावातल्या चाळीस सह्या, वर जमातीचा शिक्का. एक प्रत वकीलबाईंना गेली आणि मामूंच्या उत्साहामुळे एक थेट पोलिस ठाण्यातही गेली.

पुढच्या शुक्रवारी जुम्म्यानंतर कादिरच्या घरी जेवणं चालली होती. मामू होते, आणि कादिरसोबत काम करणारा दीनानाथ होता. दीनानाथनं गाडीची गोष्ट आतापर्यंत सहा वेळा ऐकली होती, पण सुरैयाच्या बिर्याणीसाठी तो सातव्यांदा ऐकायला तयार होता. गोष्ट गाल सुजण्यापर्यंत आली आणि फोन वाजला. वकीलबाई होत्या. मामूंनी सगळ्यांना ऐकू येईल असा फोन ताटांच्या मध्ये ठेवला.

“कादिरभाई, हे चाळीस सह्यांचं पत्र कुणी पाठवलं?”

“आमच्या जमातीनं. चारित्र्याचा दाखला हाय.”

“यात लिहिलंय, ‘चारही टायरांची हवा कादिर बिजले याने एकट्याने, कुणाचीही मदत न घेता काढली.’ हा चारित्र्याचा दाखला नाही, हा कबुलीजबाब आहे. सव्वीस वर्षं पोलिसांकडे साक्षीदार नव्हता, आता चाळीस झाले.”

“मॅडम, आणखी वीस देतो,” मामू म्हणाले.

“कृपा करून एकही देऊ नका.” वकीलबाईंनी कागद चाळले. “पण घाबरू नका, मला मूळ पंचनामा मिळालाय. वाचून दाखवते. ‘आरोपी क्रमांक सात हा गाडीच्या शेवटच्या सीटवर झोपलेल्या स्थितीत मिळून आला. डावा गाल सुजलेला. नाव विचारले असता तोंडात कापसाचा बोळा असल्याने सांगू शकला नाही. अंगझडतीत मिळालेला मुद्देमाल: दातांच्या डॉक्टरची त्याच दिवसाची पावती एक, दुखण्याच्या गोळ्या चार, कागदात गुंडाळलेली दाढ एक.’”

दीनानाथच्या हातातला घास हातातच राहिला.

वकीलबाई मात्र खुशीत होत्या. “तुम्ही आंदोलनात नव्हताच, कादिरभाई. दाढ काढून घरी चालला होतात. तेवढं प्रतिज्ञापत्र द्या, तुमचं नाव मी महिन्याभरात खटल्यातून काढून आणते.”

“ती दाढ माझी नाय,” कादिर म्हणाला.

“मग कुणाची?”

“कुणाची पण असेल. गर्दी होती.”

“अब्बा,” तस्नीम शांतपणे म्हणाली, “ओपन युअर माउथ.”

कादिरनं तोंड घट्ट मिटलं. पोलिसांपुढे न उघडलेलं तोंड असंच दिसलं असेल, असं दीनानाथला वाटून गेलं. पण पोरगी हट्टाला पेटली होती. शेवटी तिनं मोबाइलचा दिवा लावला आणि बापाच्या जबड्यात डोकावून निकाल दिला, “खाली, लेफ्ट साइड. एक मिसिंग है.”

मामू अर्धं ताट तसंच टाकून उठले. मामूंनी बिर्याणी टाकली, याचा अर्थ यान्बूत सगळ्यांना कळत होता.

त्या दिवशी असरच्या नमाजनंतर कादिर आणि सुरैया समुद्राकाठी जाऊन बसले. तस्नीम लांब सायकल फिरवत होती. कादिर पाण्याकडे बघत म्हणाला, “मी ते प्रतिज्ञापत्र देणार नाय.”

“मग आम्ही दोघी जूनमध्ये गावी जातो.”

“गावी जाऊन काय सांगशील? तुझा नवरा झोपलेला सापडला?” त्यानं मान खाली घातली. “सुरैया, तुझ्या अब्बांनी मला काय समजून मुलगी दिली, आणि मी कोण निघालो. बावीस वर्षं तुला फसवलं मी.”

“मला कुठे फसवलंत? मला पहिल्यापासून माहीत होतं.”

कादिरनं तिच्याकडे बघितलं.

“तुम्ही खिडकीला गाल लावून झोपलेलात,” सुरैया म्हणाली. “लाळ पण गळत होती. मी खाली मागच्या टायरजवळ बसलेले. वर बघितलं तर तुमचं तोंड.”

“टायरजवळ तू काय करत होतीस?”

“हवा काढत होते.”

समोरून एक मालवाहू जहाज बंदरात शिरत होतं. कादिरनं डावा गाल चाचपला.

“माझी दहावीची परीक्षा होती ना तेव्हा,” ती म्हणाली. “गाडी बंद झाली असती तर मुलींची शाळा त्याच दिवशी संपली. पुरुष सगळे पुढे उभं राहून घोषणा देत होते. घोषणांनी गाडी थोडीच थांबते? ड्रायव्हर चहा पिऊन आला असता आणि चालला असता. मी कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि मागून गेले.”

“आणि आतापर्यंत बोलली नाहीस?”

“तेव्हा बोलले असते तर अब्बांनी शाळाच बंद केली असती. नंतर तुमची पाटी लागली. तुम्ही ती गोष्ट इतकी छान सांगायचात की मोडवेना.”

“अगं, पण मग तू माझ्याशी लग्न कशाला केलंस? तुला तर माहीत होतं, मी काय केलं नाय.”

सुरैयानं डोक्यावरची ओढणी सारखी केली. “दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या तोंडातला कापूस निघाला. तुमचे अब्बा ठाण्यावर आले, म्हणाले, डॉक्टरची पावती हाय, सांग साहेबाला आणि चल घरी. बाजूला घेऊन हळूच म्हणाले, पण मी खिडकीबाहेरच उभी होते. आणि तुम्ही काय बोललात?”

कादिरला आठवलं. “बोललो, दहा जण आत बसलेत, मी एकटा कसा येऊ.”

“ते मी ऐकलं होतं,” सुरैया म्हणाली. “म्हणून केलं.”

प्रतिज्ञापत्र कादिरनं त्याच आठवड्यात दिलं. कॉन्सुलेटची माणसं महिन्यातून एकदा यान्बूला येत, त्यांच्यापुढे सही केली. ‘मी गाडीत झोपलो होतो, सदर दाढ माझीच आहे,’ हे वाक्य त्यानं स्वतः सांगून घातलं. वकीलबाईंनी ते कोर्टापुढे ठेवलं. न्यायाधीशांनी पंचनामा दोनदा वाचला म्हणतात, दुसऱ्यांदा नुसताच आनंदासाठी. कादिरचं नाव खटल्यातून वगळलं गेलं, आणि मेच्या सव्वीस तारखेला कोरा करकरीत दाखला हातात आला.

तोवर गावातही कारवाई झाली होती. मामूंच्या पत्रावरून जमातीनं ठराव केला की सातवं नाव पाटीवरून काढावं. म्हणजे ठाण्यातून आणि जमातखान्यातून कादिर एकाच महिन्यात साफ झाला. ठराव गावाच्या ग्रुपवर पडला. कादिरनं तो वाचला, घसा खाकरला आणि मोबाइल तोंडाशी धरून उत्तर दिलं.

“अस्सलाम अलैकुम. नाव काढलंत, बरोबर केलंत. पण ती जागा रिकामी ठेवू नका. हवा माझ्या बायकोनं काढलेली हाय. सुरैया, दहावी अ. तिचं नाव घाला.”

मग एका वीरानं लिहिलं की बाईमाणसाला चार टायर जमणार नाहीत. त्यावर पुण्याहून हलिमाचा संदेश आला. हलिमा सुरैयाची वर्गमैत्रीण, आता एका शाळेची मुख्याध्यापिका. तिनं लिहिलं, “चार नाही. मागची दोन सुरैयाची, पुढची दोन माझी. कर्कटक एकच होतं, म्हणून वेळ लागला.” आणि त्यानंतर त्या गाडीनं शिकलेल्या खारवळच्या मुली एकामागून एक ग्रुपवर बोलू लागल्या. कुणी नर्स होती, कुणी तलाठी, कुणी मस्कतला बँकेत. त्यांच्यापुढे वीरांचं काही चाललं नाही. मामूंनी भीत भीत वकीलबाईंना विचारलं की आता या दोघींवर केस होईल का. त्या म्हणाल्या, “टायरातली हवा, तीही शाळकरी मुलींनी, सव्वीस वर्षांपूर्वी? मुदत केव्हाच संपली. बिनधास्त नाव घाला.”

सातव्या जागी सुरैयाचं नाव कोरलं गेलं आणि खाली बारावी ओळ हलिमाला मिळाली. मामूंनी पाटीचा फोटो दुकानात गल्ल्यामागे लावला. रागावलेले मामू बिर्याणीवर पुन्हा येऊ लागले, ते सुरैयाच्या मानासाठी, असं ते स्वतः सांगतात.

जूनमधल्या एका शुक्रवारी नवा आलेला सुमीत नावाचा इंजिनियर कादिरकडे जेवायला होता. नवीन सुपरवायझरसाहेबांनी त्याला मोबाइलवर पाटीचा तो फोटो दाखवला आणि गोष्ट सुरू केली. आता तिच्यात एक शाळकरी मुलगी होती, एक कर्कटक होतं, पुढे घोषणा देणारे दहा पुरुष होते आणि मागे बसकण मारलेली सुरैया. सांगताना कादिरचा आवाज पूर्वी कधी चढला नव्हता इतका चढला. सुरैया आत कांदा चिरत ऐकत होती, आणि दीनानाथनं आठव्यांदा ऐकताना प्रथमच मोबाइल बाजूला ठेवला.

“कमाल आहे वहिनींची,” सुमीत म्हणाला. “आणि कादिरभाई, तुम्ही तेव्हा कुठे होतात?”

“मी?” कादिरनं छाती पुढे काढली. “तिनं थांबवलेल्या गाडीतच होतो. झोपलेलो.”