धाकट्या होकाराची बखर

श्री. पावट्यांची परडी. एक पेनड्राइव्ह. दात गेलेला सनईवाला. काळ्या पडद्यावर लुकलुकणारी पांढरी रेघ. इतुके जेथे एके ठायी जमले, त्या राज्याचे कल्याण असो.

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी हंसाबाईसाहेबांनी कॉम्प्युटरावरील जुने राज्य, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, मोडून नवे स्वहस्ते स्थापावे ऐसा मनसुबा केला. माऊस नाही, चित्रे नाहीत, अवघा कारभार हुकूम टंकून करावयाचा. डिस्कमुलखाचे भाग तीन. पहिला वेशीचा, जेथून कॉम्प्युटर जागा होतो, दुसऱ्यात श्वशुर मार्तंडबुवांची सनई, तिसऱ्यात जुने राज्य. बुवांचे दात गेले, फुंक ठरेना, कॅसेट टेपरेकॉर्डराने कधीच गिळिली, आणि त्यांची सनई जगात त्या दुसऱ्या भागीच काय ती उरली. मग बाईसाहेबांनी पेनड्राइव्ह लावून मुलूख जागा केला, आणि वायफायशी तह केला, आणि तिसरा भाग पुसून त्यास नवे कुलूप घालावे म्हणून हुकूम टंकिला, आणि हर्षाचे भरात तीनाचे जागी दोन पडले. दरबाराने विचारिले की येथील सर्व कायमचे जाईल, खात्री असल्यास ‘येस’ मोठ्या लिपीत लिहावे. बाईसाहेबांनी ते लहान लिपीत लिहिले. जन्मभर हाती मराठी, तीत अक्षरांस थोरले-धाकटे नाही, हो म्हटले की हो. दरबाराने हुकूम रद्द केला.

शेजारी थोरल्या जाऊ शेवंताबाई पावटे सोलीत होत्या, त्या डोकावून बोलिल्या, “हंसे, का गं नाही म्हणतंय?”

“होकार मोठ्या अक्षरांत हवा म्हणे. मिजास बघा.”

“दे की मग. पण हा दोन कसला? सनई कितव्यात म्हणालीस?”

बाईसाहेबांचे हात कीबोर्डावरून उचलले गेले. “दोनात.”

“मग पाया पड त्या मिजाशीच्या.”

मग दोघी डोळ्यांस पाणी येईतो हसल्या, आणि दोघींनी मिळून तीनाचा आकडा मोठ्याने वाचिला, आणि थोरला होकार दिधला, आणि नवे राज्य वसविले, आणि कॉम्प्युटर बंद करून पुनः चालू करिता ते आपले पायी उभे राहिले. सनई लाविली. बुवा काठी टेकीत आले, कान देऊन ऐकते जाहले, आणि म्हणाले, “कोण वाजवतंय हे? श्वास चोरतोय.”

“तुम्हीच, मामंजी.”

“मग आवाज वाढव.”

येणेप्रमाणे एक राज्य गेले, एक आले, आणि सनई राहिली. जुने राज्य मोडण्याचे कारण इतुकेच, की ते सनई ऐन रंगात असता थांबवून अपडेट मागत असे.