रीसेट धरून बसलेले काळेसाहेब

काळेसाहेब सकाळी उठले की खाटेवर बसून एक बोट वर धरत. पहिला चहा पोटात जाऊन स्थिरावला की बोट खाली यायचं, मग घरच्यांना बोलायची परवानगी. वहिनी म्हणायच्या, "तवर घराला आग लागली तरी ह्यांना सांगायची सोय नाय."

चिकलठाण्याच्या कारखान्यात ते आणि मी एकाच टेबलावर मोटारींचा वेग सांभाळणारे बोर्ड तपासत असू. त्यावरची सिग्नल प्रोसेसरची चिप भलती मानी. आधी व्होल्टेज स्थिर व्हायला हवं, मग क्लॉकचा ठोका, आणि तोवर रीसेट धरून ठेवायचा, म्हणजे चिपला सुरूच होऊ द्यायचं नाही. घाईनं सोडला की चिप भलतीकडेच भरकटते. हा नियम साहेबांनी चिपपुरता ठेवला असता तर माझी तक्रार नव्हती. त्यांनी तो सगळ्या मनुष्यजातीला लावला. चिप भेटायच्या आधीही स्वभाव तोच. लग्नात अंतरपाट दूर झाला तरी हे हार धरून उभे, कारण बँडचा ठेका बसला नव्हता. "आदी बसू द्या," हे त्यांचं पालुपद.

स्टोअरमधले वाघमारे त्यांच्याच गावचे, गंगापूरकडचे. शाळेपासूनची दोस्ती, दुपारी जेवण एका डब्यात. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगली पेटल्या त्या दिवसांत गावात वाघमारेंच्या चुलत्याचं घर जाळलं गेलं. तेव्हापासून वाघमारे कँटीनमध्ये वेगळ्या बाकावर बसू लागले. काळेसाहेब रोज दोघांची भाकर आणत आणि निम्मी परत नेत. मला ते बघवत नसे.

"जाऊन बोला की," मी म्हणालो.

"अजून बसलं नाय त्याचं. आत्ता सोडलं तर कायमचं बिघडंल."

असे महिने गेले. शेवटी मी वैतागलो. "साहेब, रीसेट धरूनच ठेवला तर चिप चालूच होत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चालू बोर्ड तसाच टाकून तडक कँटीनमध्ये गेले. मी मागोमाग. साहेब वाघमारेंसमोर जाऊन उभे राहिले.

"त्या रोजी मी गावातच व्हतो, दगडू. कडी लावून बसलो."

"ठावं हाय," वाघमारे ताटातून मान वर न करता म्हणाले. "खिडकीत दिसला व्हतास."

आता संपलं, असं मला वाटलं. वाघमारेंनी घास संपवला.

"काकाचं घर बांधायला काढलंय. ऐतवारी येशील? तुझ्या भावकीच्या डोळ्यांदेखत?"

"येतो."

रविवारी मीही गेलो. काळेसाहेब पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून भिंतीची माती तुडवत होते. समोरच्या रस्त्यावर त्यांचे थोरले भाऊ आणि चारदोन माणसं येऊन उभी राहिली. वाघमारेंचे काका घाबरले. हळूच म्हणाले, "सुदाम, तुजे भाऊ बघायलेत. घरी जा, बाबा."

काळेसाहेबांनी रस्त्याकडे तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघू द्या, काका. मी हितंच हाय."

आणि पुन्हा माती तुडवू लागले.