निकालाच्या दिवशीचं बारसं

पाळण्याला फुगे बांधून झाले, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या, आणि बाळाला अजून नाव नव्हतं. नाव मतमोजणी केंद्रात अडकलं होतं.

गडमुडशिंगीच्या अण्णासो पाटलांच्या घरात मुलांची नावं पत्रिका बघून ठेवत नसत, निकाल बघून ठेवत. मूल झालं तेव्हा मतदारसंघात जो निवडून आला, त्याचं नाव मुलाला. थोरला पिराजी झाला तेव्हा पिराजीराव आमदार. मधली मुलगी झाली आणि प्रियदर्शनीदेवी निवडून आल्या. धाकट्याच्या वेळी कृष्णातराव. मतदारसंघाचा इतिहास कुणी विचारला तर अण्णा जेवायला बसलेल्या पोरांकडं बोट करत. "तवा बंडखोरी झालती, म्हणून ही," अशी ते लेकीची पावण्यांना ओळख करून देत.

धाकट्या कृष्णातची बायको अक्षता बी. कॉम. झालेली. तिचं माहेर नेसरीचं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, पण तिथं बारसं केलं तर मतदारसंघ बदलतो, म्हणून अण्णांनी गाडी पाठवून बाळ-बाळंतिणीला आणवलं होतं.

"अण्णा, नाव आम्हीच ठरवलं तर?" तिनं भीतभीत विचारलं होतं.

"ठरीव की. बटण दाब. लोकशाही हाय."

उभे होते तिघं. निवडून येणार असं सगळे म्हणत होते ते ज्ञानू सावकार. दुसरा राजवीर, नवखा. तिसरे तेच जुने कृष्णातराव. एकदा आमदार झाले, मग दर वेळी पडले, तरी सवयीनं अर्ज भरत. ज्ञानू सावकार माणूस चांगला होता, पण इंग्रजी शाळेत पोरं 'ज्ञानू, ए ज्ञानू' करून आपल्या लेकराला रडवतायत हे अक्षताला आत्ताच दिसू लागलं होतं. बाळ शिंकलं तरी घाबरणारी बाई ती. पण मांडीवर बाळ आणि कानाला फोन लावून तिनं प्रचार सुरू केला.

"राजवीरला मत दे गं," ती इकडंच दिलेल्या कॉलेजच्या मैत्रिणींना सांगे.

"त्याचं काम चांगलं हाय व्हय?"

"काम माहीत न्हाय. नाव चांगलं हाय."

मैत्रिणींनी सासवांना सांगितलं, सासवांनी बचत गटात. मतदानाच्या आदल्या दिवशी ज्ञानू सावकाराच्या गल्लीतल्या बायासुद्धा राजवीरचं नाव घेत होत्या, आणि का घेतोय हे त्यांतल्या एकीलाही सांगता येत नव्हतं.

निकालाच्या दिवशी मुहूर्त टळायला आला तेव्हा टीव्हीवर ज्ञानू सावकार पुढं होते. अण्णांनी मान हलवली. आत्या प्रियदर्शनी पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानात म्हणाली, "ज्ञानू." रिवाजाप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. अक्षता पदरानं डोळे पुसू लागली.

"थांबा, थांबा," अण्णा ओरडले. "राजवीरनं लीड घेतलं."

प्रियदर्शनी पुन्हा वाकली. "राजवीर." पुन्हा धपाटे. "हळू की गं, पाठ हाय माझी, ढोलकं न्हाय." अक्षतानं तेवढ्यात राजारामपुरीतल्या केकवाल्याला फोन करून नाव सांगूनही टाकलं.

मग बाहेर फटाक्यांची माळ लागली. अक्षतानं दोन्ही हातांनी बाळाचे कान झाकले, आणि त्या आवाजात आधी तिला काहीच ऐकू आलं नाही. अण्णांचा उघडा पडलेला जबडा तेवढा दिसला.

"कोण आलं?" ती ओरडली.

"म्हातारं आलं." अण्णा खुर्चीत बसले. "कृष्णातराव."

"कसं काय?"

"ज्ञानूची बायकांची मतं राजवीरनं खाल्ली. दोघांच्या भांडणात हे मधनं घुसलं. राजवीरचं बायकांत कुणीतरी लई काम केलंय."

अक्षता बाळाचं टोपडं सारखं करू लागली.

मग हातात घुगऱ्यांचं ताट धरून दारात उभ्या असलेल्या बाळाच्या बापाला समजलं. "म्हंजे हे कृष्णात कृष्णात पाटील?"

"रिवाज हाय," अण्णा पडक्या आवाजात म्हणाले.

"अण्णा, मी जिता हाय अजून."

"रिवाजात तसं काय सांगितलेलं न्हाय."

सासूबाई पारूबाईंचा हात हळूहळू तोंडावर गेला. "आणि सूनबाईनं पोराला वरडायचं कसं वो? दाल्ल्याचं नाव घिऊन? चारचौघांत? कृष्णात गप बस, कृष्णात कान धर, आसं?"

प्रियदर्शनीनं पाठ भिंतीला लावून घेतली. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा निकालापुढं हात टेकले. "सूनबाई, तू शिकलेली हायस. तुला आवडंल ते नाव ठिव. राजवीर म्हण, काय बी म्हण. माझी ना न्हाय."

कृष्णात बायकोकडं आशेनं बघत राहिला. जे मिळावं म्हणून तिनं अख्खा मतदारसंघ फिरवला, ते आता आपोआप पदरात पडत होतं. अक्षतानं बाळाकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. लग्न झाल्यापासून ती त्याला 'अहो'च म्हणत आली होती.

"नको अण्णा," ती म्हणाली. "लोकांनी कौल दिलाय. आपण कोण बदलणार?"

तिनं बाळाला खांद्यावर घेतलं, घसा साफ केला, आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "कृष्णात, ओला टॉवेल पलंगावर टाकायचा नसतो, कितीदा सांगायचं?"

बाळानं जांभई दिली. दारातल्या कृष्णातनं घुगऱ्यांचं ताट खाली ठेवलं आणि तो मुकाट्यानं आतल्या खोलीत गेला.