चेंडूला भिणारे लोखंडे सर

आमचे लोखंडे सर फुटबॉल शिकवायचे आणि फुटबॉललाच भ्यायचे. चेंडू आपल्या दिशेनं येतोय असं दिसलं की ते गोलच्या खांबाआड जायचे आणि तिथून शिट्टी फुंकायचे. खेळात काहीच चुकलेलं नसायचं. आम्ही थांबून बघत राहिलो की म्हणायचे, "बराबर हाय, पण लागलं तर?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तालुक्याच्या गावी आमचं लहानसं कॉलेज. मुलांचा संघ आधीपासून होता; विद्यापीठाचं पत्र आलं म्हणून मुलींचाही निघाला. सर मूळचे कबड्डीवाले, पण दोन्ही संघ त्यांच्याच गळ्यात पडले. मुलांना त्यांची एकच सूचना असायची, जोरात मारू नका. आम्हा मुलींना वर आणखी एक, पडू नका. ढग आले की सराव बंद. मैदानात म्हैस शिरली की बंद. चेंडू शेजारच्या हळदीच्या शेतात गेला तर साप पळावा म्हणून सर आधी बराच वेळ टाळ्या वाजवायचे.

एका सकाळी आम्ही मुलांशी खेळत होतो. एक फटका आमची गोलकीपर सुनीता हिच्या कपाळावर बसला. ती पडली ती उठेना. मी हाका मारत होते आणि तिचे डोळे उघडत नव्हते. तिला उचलून रिक्षात घातलं ते सरांनीच.

दवाखान्यात थोड्या वेळानं ती शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य बोलली, घरी सांगू नका. ती खेळते हे तिच्या वडिलांना ठाऊकच नव्हतं. तिची भीती मला कळत होती. आम्ही दोघी एकाच गावच्या, कुरुंद्याच्या. पण सर ऐकेनात. डॉक्टरांनी सोडल्यावर दुपारच्या एसटीनं ते आम्हाला घेऊन निघाले. वाटभर ते हातरुमाल पिळत होते.

सुनीताचे वडील सखाराममामा मेंढरं राखायचे. मेंढरांच्या वाड्याजवळ दोन कुत्री अंगावर आली. सर जागच्या जागी थरथरत उभे राहिले, पण मागे फिरले नाहीत. मामा येताच त्यांनी सगळं सांगून टाकलं आणि चूक आपली म्हणाले.

मामांनी लेकीच्या कपाळावरचं टेंगूळ बोटानं चाचपलं. मग म्हणाले, "उद्यापासून खेळ बंद. तुमाला काय, तुमी शिट्टी वाजवून मोकळे."

"मोकळा न्हाई, मामा," सर हळूच म्हणाले. "संध्याकाळी पोरी गाडीत बसल्या की मी स्टँडवरच थांबतो. गाडी माघारी आली की कंडक्टरला इचारतो, उतरल्या का बराबर. तोवर मला घास गिळवत न्हाई."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सर चहासाठी स्टँडवर रेंगाळतात असं समजून आम्ही खिडकीतून हसायचो.

मामांनी विचारलं, "आन तुमी खोलीवर पोचले का न्हाई, ते कोण बघतं?"

खोलीवर सर एकटेच राहायचे.

मामा आत वळून म्हणाले, सरांसाठी भाकर टाका. सर नको म्हणाले नाहीत. माझ्या शेजारी बसून ते चांगल्या दोन भाकरी जेवले. सोमवारी मामांनी स्वतः येऊन सुनीताला खेळायला जाण्यासाठी एसटीत बसवलं, आणि कंडक्टरला बजावलं, की सर घरला गेले का तेवढं बघत जा.