थांबायची अट

हुडकेश्वरच्या नव्या घराचं वास्तुपूजन दोन दिवसांवर आलं, तरी यमुताईंचं कशात लक्ष लागत नव्हतं. त्यांचे थोरले बंधू, काटोलचे रुपराव, यमुताईंचे यजमान मार्तंडराव यांच्या निवृत्तीच्या जेवणापासून रुसले होते. त्या जेवणाला त्यांना एकदाच फोन गेला होता, आणि एकदा बोलावणं म्हणजे न बोलावणंच, असा त्यांचा हिशेब होता.

"दादा आला नाही तं मी पूजेले बसणार नाही," यमुताईंनी नवऱ्याला बजावलं. "त्याले मनवा. पुन्हा पुन्हा बोलवा."

'पुन्हा पुन्हा' ऐकताच मार्तंडरावांचे डोळे चमकले. मिहानमध्ये नोकरी करणारी त्यांची मुलगी वेदिका त्यांना सध्या कोडिंग शिकवत होती. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, आणि लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा, इथवर धडे झाले होते. मेहुण्याची मनधरणी स्वतः करण्यापेक्षा कॉम्प्युटरकडून करून घेणं त्यांच्या स्वभावाला जास्त मानवणारं होतं.

त्यांनी प्रोग्रॅम लिहिला. डब्यात मेहुण्याचा नंबर. मेहुण्याचं उत्तर 'येतो' असं येईपर्यंत थोड्या थोड्या वेळानं निरोप जाणार: 'दादा, तुमच्याशिवाय पूजा नाही. या.' प्रोग्रॅम सुरू करून ते निश्चिंतपणे वांगी आणायला गेले.

संध्याकाळी वेदिका आली, तेव्हाही निरोप जातच होते.

"बाबा, मामानं काही उत्तर दिलं का?"

"दिलं ना. 'पाहू' म्हणते."

वेदिकानं कपाळाला हात लावला. "मामा जन्मात कधी 'येतो' म्हणाला का? यायचं असलं तरी 'पाहू'च म्हणते तो. तुमचा लूप थांबन कसा?"

मार्तंडराव कॉम्प्युटरकडे धावले. तेवढ्यात यमुताईंचा फोन वाजला.

"यमू," पलीकडून रुपरावांचा आवाज भरून आला होता, "जावईबुवा सकाळपासून विनवून राहिले वं मले. एवढा जीव हाय त्याइचा माह्यावर, मले मालूमच नव्हतं."

यमुताईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांच्यामागे मार्तंडरावांनी हळूच कॉम्प्युटर बंद केला.

पूजेला रुपराव कडक इस्त्रीचा सदरा घालून आणि संत्र्यांची पेटी घेऊन आले. जेवणात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे होते. पंगत बसली तसा त्यांनी खिशातून फोन काढला आणि शेजारच्यांना निरोप दाखवायला सुरुवात केली.

"हे पाहा! बोटं दुखली असतील बिचाऱ्याची."

मार्तंडराव मान खाली घालून वरण वाढत राहिले. त्यांना खरंच लाज वाटत होती, पण बायकोचा फुललेला चेहरा पाहून खरं सांगवेना.

फोन फिरत फिरत मार्तंडरावांच्या धाकट्या बहिणीकडे, नंदिनीकडे आला. तिनं निरोप वर सरकवले, आणखी सरकवले. मग ताटातला हात बाजूला घेतला.

"भाऊ, मले काहून एकदाच बोलावलं?"

"आमालेबी एकदाच," पंगतीतून आणखी कोणी म्हणालं. मग पुष्कळ हात थांबले.

यमुताई लगबगीनं पुढे झाल्या. "नंदिनी, येत्या रविवारी पुन्हा रोडगे करतो. साऱ्याइनं या."

"पाहू," नंदिनी म्हणाली.

मार्तंडरावांनी वरणाची बादली खाली ठेवली आणि आत जाऊन कॉम्प्युटर सुरू केला. वेदिका पाठोपाठ आलीच.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "त्या एका डब्यात किती नंबर मावतात वं?"